दाखल-खारीज रजिस्टर ते एक्सेल : आपल्या यादीची गोष्ट



या स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी छापली आहे. पुस्तक हातात पडल्यावर आपल्यापैकी बहुतेक जण आधी तीच पाने उघडतील, आपले नाव शोधतील, मग बाकावर शेजारी बसणाऱ्याचे. ही यादी तयार करण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले. "तू सॉफ्टवेअरमधली. तुले काय, दोन तासांचं काम!" असे आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटावर एकमताने ठरले. मीही पुण्यात बसून हो म्हटले. त्या दोन तासांचे चार महिने झाले. या चार महिन्यांत मला एक्सेलपेक्षा आपल्या वऱ्हाडाचा इतिहास जास्त कळला, आणि माझ्या हातून एक मोठी चूकही झाली. दोन्ही गोष्टी आपल्याला सांगाव्यात म्हणून हा लेख.

रजिस्टर उघडले तेव्हा

शाळेच्या कार्यालयात लोखंडी कपाटात जी जाडजूड पुस्तके आहेत, त्यांना सरकारी भाषेत 'जनरल रजिस्टर' म्हणतात. आपल्याकडे मात्र सगळे 'दाखल-खारीज'च म्हणतात. दाखल म्हणजे आत आलेला, खारीज म्हणजे नावावर रेघ ओढलेला. हे शब्द जुन्या फारसी दफ्तरातून आलेले आहेत, आणि त्यात नवल नाही. वऱ्हाड निजामाच्या राज्यातला. १८५३ च्या तहाने फौजेच्या खर्चापोटी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात गेला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाशी करार करून वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला, आणि १९०३ पासून तो मध्य प्रांताला जोडला गेला. राज्यकर्ते बदलले, भाषा बदलली, पण दफ्तरातले शब्द राहिले.

इंग्रजी अमलात वऱ्हाडची पहिली शिरगणती १८६७ साली झाली. पुढे दर दहा वर्षांची जनगणना आली. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात चिठ्ठ्यांची पद्धत सुरू झाली. मोठ्या वहीतली प्रत्येक माणसाची नोंद एका लहान चिठ्ठीवर उतरवायची, मग त्या चिठ्ठ्या खणाखणांच्या फळीत वाटायच्या आणि मोजायच्या. आज आपण 'सॉर्ट' आणि 'फिल्टर' म्हणतो ते हेच काम. फक्त माऊसच्या जागी कारकुनांची बोटे होती. अमेरिकेत त्याआधी अकरा वर्षे, १८९० ला, हॉलेरिथच्या भोके पाडलेल्या कार्डांच्या यंत्रावर जनगणना मोजली गेली होती.

त्या १९०१ च्या तक्त्यात वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २७ लाख ५४ हजार आहे. १८९१ ला ती सुमारे २८ लाख ९७ हजार होती. दहा वर्षांत वाढायची ती माणसे कमी झाली. मधे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ येऊन गेले होते. तक्ता नुसता आकडा सांगतो. जी माणसे मोजायला उरली नाहीत ती वजाबाकी केल्यावरच दिसतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन याद्या, तीन भाषा

माझ्याकडे माहिती तीन ठिकाणांहून आली. पहिली, दाखल-खारीज रजिस्टरांचे फोटो पाहून दोन मुलांनी टाईप केलेली फाईल. दुसरी, व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या फॉर्ममधून आलेली. तिसरी, मागच्या मेळाव्याच्या स्मरणिकेतली यादी, जी एका डीटीपीवाल्याच्या जुन्या संगणकात सापडली.

या तिसऱ्या यादीने पहिला धक्का दिला. एक्सेलमध्ये आणल्याबरोबर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसू लागली. नव्वदच्या दशकात मराठी टाईप करायचे म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेला फॉन्ट वापरायचा. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशी त्यांची घराणी, आणि एकाचे दुसऱ्याला वाचता येत नसे. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून इस्की आली, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण आपल्या राजकमल चौकातल्या डीटीपी सेंटरपर्यंत ती पोहोचायला खूप वर्षे गेली. ती यादी आधी रूपांतर करून, मग एकेक ओळ डोळ्यांनी वाचून घ्यावी लागली.

युनिकोडनेही सगळे सुटले नाही. तिवसा तालुक्यातले 'कुऱ्हा' घ्या. त्यातला अर्धा र दोन वेगळ्या प्रकारे टाईप करता येतो. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी गावे वाटतात. एकाच गावची मुले माझ्या शीटमध्ये दोन गटांत बसली होती आणि मी अर्धा दिवस फॉर्म्युल्यातली चूक शोधत होते.

बाकीचा कचरा नेहमीचाच. नावापुढे न दिसणाऱ्या रिकाम्या जागा. एकाच रकान्यात 'डॉ.', 'सौ.' आणि 'कै.', कुणी आडनाव आधी लिहिलेले, कुणी शेवटी. अमरावतीच्या ०७२१ चे ७२१ झालेले आणि अकोल्याच्या ०७२४ चे ७२४, कारण एक्सेल त्याला संख्या समजते आणि संख्येपुढचे शून्य टाकून देते. ९१ लावलेले मोबाईल नंबर अर्धवट आकडा आणि ई अशा अवतारात. यावर उपाय सोपा आहे आणि तो सगळ्यांनी शिकून ठेवावा: फाईल दोनदा क्लिक करून उघडायची नाही. आधी कोरे शीट घ्यायचे, त्यात 'डेटा' मेनूतून फाईल आणायची, आणि आणतानाच फोन, पिनकोड, तारीख हे रकाने 'मजकूर' म्हणून सांगायचे. मूळ शीटला हात लावायचा नाही. साफसफाई शेजारच्या प्रतीवर करायची.

पंजाबरावांची जन्मतारीख

सगळ्यात जास्त वेळ तारखांनी खाल्ला.

मी जन्मले त्या १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी व्हिजिकॅल्क नावाचे पहिले गाजलेले स्प्रेडशीट बाजारात आणले. १९८३ ला लोटस १-२-३ आले, १९८५ ला एक्सेल. एक्सेल तारखेला तारीख म्हणून साठवतच नाही. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून तिथून दिवस मोजते. लोटसमध्ये १९०० हे लीप वर्ष धरले होते, जे ते नव्हते. लोटसच्या फाईली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूकही ठेवली. म्हणून आजही एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस सापडतो.

आणि त्याआधीचे दिवस त्याच्या हिशेबी नाहीतच. आपल्याच जिल्ह्यातली उदाहरणे घेऊन मी हे मुद्दाम करून पाहिले. तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा. ती तारीख एक्सेलने मुकाट्याने घेतली. पापळला जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांची २७ डिसेंबर १८९८, शेंडगावच्या गाडगेबाबांची २३ फेब्रुवारी १८७६. या दोन्ही त्याने नुसता मजकूर म्हणून डावीकडे ढकलल्या. ना वय काढता येते, ना क्रम लावता येतो. आपल्या पहिल्या रजिस्टरातली कितीतरी मुले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेली आहेत. ती सगळी अशीच डावीकडे उभी राहिली. शेवटी दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने केले, तेव्हा ती रांगेत आली.

दुसरी गंमत दोन आकडी वर्षांची. '१२/६/२८' असे लिहिले की एक्सेल ते २०२८ समजते, कारण ०० ते २९ ही वर्षे ते या शतकात टाकते. आपले एक आजोबा-विद्यार्थी अजून जन्मायचेच होते! शिवाय ज्या लॅपटॉपवर फाईल उघडली तो अमेरिकी सवयीचा, आधी महिना मग दिवस. त्यामुळे १२ जूनचे ६ डिसेंबर झाले, आणि २५ जून मात्र पंचविसावा महिना नसल्यामुळे मजकूर म्हणून तसाच राहिला. सगळे चुकले असते तर लगेच कळले असते. अर्धे बरोबर दिसते तेव्हाच घात होतो.

यातून रजिस्टरानेच वाचवले. रजिस्टरात जन्मतारीख दोनदा असते, 'अंकी' आणि 'अक्षरी'. आठवते ना, दाखल्यावर 'बारा जून एकोणीसशे एकोणऐंशी' असे लिहिलेले? लहानपणी वाटायचे, कशाला हा उपद्व्याप. इंजिनिअरिंगला माहितीच्या पडताळणीवर एक आख्खा धडा होता. हा उपद्व्याप म्हणजे तोच धडा. अंक बिघडला तरी अक्षर साक्ष देते. टाईप करणाऱ्या मुलांनी 'एकच गोष्ट दोनदा कशाला' म्हणून अक्षरी रकाना गाळला होता. तो पुन्हा भरून घेतला.

मग १ जून. जन्मतारखांवर क्रम लावला तर १ जून आणि १ जुलै यांची रांगच्या रांग आली. खेड्यात गावचा कोतवाल जन्माची नोंद ठेवी, पण बारसे व्हायच्या आधीच. त्यात बापाचे नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच. आई सांगणार, "पोळ्याच्या आधी झाला, त्या साली लय पाणी होतं." मग गुरुजी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत, लागला की सहा वर्षांचा, आणि तारीख शाळा उघडण्याची. माझ्या बाबांची जन्मतारीख अशीच गुरुजींची देणगी आहे. नाव आणि जन्मतारीख जुळली की 'डुप्लिकेट' समजून ओळ काढायची, ही आमच्या धंद्यातली नेहमीची रीत. ती इथे लावली असती तर 'वानखडे, १ जून' अशी कितीतरी खरीखुरी माणसे एका क्लिकने गेली असती. ती वेळेवर लक्षात आली.

चांदूर म्हणजे कोणते?

जन्मस्थानाचा रकाना म्हणजे नकाशाच. जुन्या रजिस्टरांत 'जिल्हा एलिचपूर' आहे, 'बासिम' आहे, 'वून' आहे. १९०५ पर्यंत वऱ्हाडात सहा जिल्हे होते. त्या वर्षी एलिचपूर अमरावतीत गेले, बासिम म्हणजे वाशीमचा जिल्हाही मोडला, आणि अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ असे चार उरले. पुढे १९९८ ला वाशीम अकोल्यातून पुन्हा वेगळे झाले. राज्याचा रकाना तर आणखी मजेचा: आधी मध्य प्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ नंतर मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. एकाच घरातली भावंडे, एकाच खोलीत जन्मलेली, कागदावर तीन राज्यांतली.

टाईप करणाऱ्या एका हुशार मुलाने सगळीकडे 'शोधा आणि बदला' चालवून एकसारखे केले होते. 'एलिचपूर'चे 'अचलपूर' झाले ते ठीक. पण नुसत्या 'चांदूर'चे त्याने सरसकट 'चांदूर रेल्वे' केले. आपल्याला ठाऊक आहे, जिल्ह्यात चांदूर बाजारही आहे. नांदगावचेही तसेच, खंडेश्वर की पेठ? बाहेरच्या माणसाला ही चूक दिसणारसुद्धा नाही, कारण साफ केलेला रकाना फार सुंदर दिसतो.

आडनावांना मी हातच लावला नाही. 'वानखडे' की 'वानखेडे', 'तायडे' की 'तायळे', रजिस्टरात जसे आहे तसेच. यामागे कारण आहे. जात पडताळणीला इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आजोबांच्या शाळेतली एक ओळ नातवाच्या प्रवेशाला कामी येते, आणि एका मात्रेच्या फरकाने अडते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुनी रजिस्टरे उघडली गेली, तेव्हा या पिवळ्या पानांचे मोल सगळ्यांनाच कळले. आपल्या यादीत जातीचा रकाना अर्थातच घेतलेला नाही.

रिकामा रकाना

आता माझी चूक.

यादी बॅचनुसार लावायची होती. बॅच म्हणजे दहावीचे वर्ष, जुन्यांसाठी मॅट्रिकचे, हे आम्ही न बोलताच धरून चाललो होतो. क्रम लावल्यावर ज्या ओळींत ते वर्ष नव्हते त्या सगळ्या एका टोकाला जमा झाल्या. अर्धवट माहिती, म्हणून मी रिकाम्यांवर फिल्टर लावला, ओळी निवडल्या आणि काढून टाकल्या. एका मिनिटाचे काम. यादी एकदम नीटनेटकी झाली. कच्चा मसुदा गटावर टाकला, सगळ्यांनी अंगठे दाखवले.

आठ दिवसांनी दर्यापूर तालुक्यातून एक फोन आला. आवाज ओळखायला वेळ लागला. पाचवी ते आठवी आम्ही एका बाकावर बसलो होतो. कुणीतरी तिला मसुदा दाखवला होता. ती तक्रार करत नव्हती. "यादी पाह्यली. छान केली वो. मी कुठं दहावी केली? म्हणून नसन माहं नाव. बरोबरच आहे." मग मुलाबाळांची चौकशी करून तिने फोन ठेवला.

तिला वाटले तिचे नाव कधी नव्हतेच. होते. मीच उडवले होते.

मूळ फाईल तशीच ठेवलेली होती म्हणून वाचले. त्या रात्री काढलेल्या सगळ्या ओळी परत आणल्या आणि पहिल्यांदाच एकेक करून वाचल्या. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात पुन्हा पुन्हा तेच दोन शब्द: 'घरगुती अडचण'. मुलांच्या ओळीही होत्या, पण मुलीच जास्त. सातवीनंतर, आठवीनंतर. तिच्या ओळीतही तेच दोन शब्द. ते साल मला आठवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही, हजेरीला बाईंनी चार दिवस नाव घेतले आणि मग सोडून दिले. मी तिच्या घरी गेले नव्हते.

२०२० च्या करोनाकाळात इंग्लंडच्या आरोग्य खात्यात जुन्या प्रकारच्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ च्या पुढच्या ओळी मावल्या नाहीत आणि १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले. ही गोष्ट मी कंपनीतल्या नव्या मुलांना दरवर्षी सांगते. तिथे निदान यंत्राची मर्यादा होती. माझ्याकडे जागा भरपूर होती. मी ठरवून काढल्या, आणि ठरवते आहे हे मला कळलेसुद्धा नाही. ओळ अर्धवट नव्हती. आमची 'विद्यार्थी' या शब्दाची व्याख्या अर्धवट होती.

समितीत हे मांडले. थोडी कुरकुर झाली, "मग यादी लांबन ना." पण ठरले. आता आपली यादी शाळा सोडण्याच्या वर्षाने लावलेली नाही, शाळेत पहिल्यांदा पाऊल ठेवले त्या वर्षाने लावली आहे. ते वर्ष रजिस्टरात प्रत्येकाचे आहे, पास असो, नापास असो, बदली होऊन गेलेला असो. दुसरे असे की मुलींची नावे शाळेतल्या नावानेच आहेत. आत्ताचे नाव शेजारच्या रकान्यात. लग्नानंतर नाव बदलल्यामुळे फॉर्ममधल्या कितीतरी जणी रजिस्टरात सापडत नव्हत्या. आमच्या काळच्या रजिस्टरात आईच्या नावाचा रकानाही नव्हता. असता तर निम्म्या तरी लगेच जुळल्या असत्या.

लाल शाई

या सगळ्या कामात ज्यांनी मला शिकवले ते आपल्या शाळेचे निवृत्त मोठे बाबू. माझे नाव छापायचे नाही, असे त्यांनी बजावले आहे. मी त्यांना अभिमानाने दाखवले की चुकीच्या नोंदी कशा एका क्षणात दुरुस्त होतात. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारले, "बेटा, आधी काय होतं ते आता कुठी दिसन?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मग त्यांनी रजिस्टर उघडून दाखवले. चुकीच्या नोंदीवर एकच बारीक रेघ, खालचे अक्षर वाचता येईल अशी. वर लाल शाईत दुरुस्ती. शेवटच्या 'शेरा' रकान्यात कारण, आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. खाडाखोड चालत नाही, पांढरा रंग लावणे चालत नाही, पान फाडणे तर गुन्हाच. कोणी, कधी, काय आणि का बदलले हे आमच्या क्षेत्रात मोठ्या कंपन्या महागडी सॉफ्टवेअर घेऊन जपतात. बाबूंनी ते बोरू-टाकाच्या वारशाने, एका दौतीत जपले होते.

त्या दिवसापासून आपल्या शीटमध्येही तीन रकाने वाढले: मूळ नोंद, दुरुस्ती, शेरा. दुरुस्तीच्या रकान्यातली अक्षरे लाल ठेवली आहेत. ही फाईल आणि तिची छापील प्रत, दोन्ही शाळेच्या कपाटात रजिस्टरांशेजारी ठेवणार आहोत. संगणकाची फाईल वीस वर्षांनी उघडेल की नाही याची मी खात्री देत नाही. डीटीपीवाल्याच्या फाईलचे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

यादीत अजून चुका असतील. आपले किंवा ओळखीच्या कुणाचे नाव सुटले असेल, चांदूर चुकले असेल, तर शेवटी दोन कोरी पाने मुद्दाम सोडली आहेत. तिथे लाल शाईने लिहा आणि समितीला कळवा. छापलेले मात्र गिरवू नका. रेघ एकच आणि बारीक.

आमच्या वर्षाच्या पानावर तिचे नाव आता माझ्या नावाच्या चार ओळी वर आहे. हजेरीतही ते तेवढेच आधी यायचे. मेळाव्याचे आमंत्रण मी तिला फोनवर नाही दिले, दर्यापूरला जाऊन दिले. ती येते म्हणाली आहे.